चार शुभवर्तमानं, येशूच्या शिष्या शोधत कशी वाचायची

येशूच्या बारा शिष्यांची नावं विचारली तर चर्चमध्ये वाढलेलं कुणीही निदान सात-आठ नावं पटापट सांगतं. गालीलापासून यरुशलेमपर्यंत त्याच्या मागे गेलेल्या बायकांची नावं विचारा, मग मग्दालीया मरीया म्हणून झालं की पुढे शांतता. नावं लिहिलेली आहेत हो, पण ती अशा जागी आहेत की तिथपर्यंत आपण घाईत आलेलो असतो, म्हणजे वधस्तंभाच्या प्रसंगाच्या शेवटी नाहीतर दोन मोठ्या गोष्टींच्या मधल्या एखाद्या ओळीत, आणि उपदेशातही त्या ओळी सहसा कुणी घेत नाही. मला हे फार खटकतं, म्हणून वाचायची ही पद्धत लिहितेय. एकट्याने करा, ग्रुपमध्ये करा, दोन्ही चालतं. चारही शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान, बायबलमधली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं), एक वही आणि पेन्सिल एवढंच लागतं, पेनने लिहू नका, का ते पुढे कळेल.

सुरुवात शेवटाकडून करा

मत्तय अध्याय १ उघडू नका, आधी मार्क १५:४०-४१ उघडा. येशूने प्राण सोडलाय, आणि मार्क सांगतो की काही बायका दुरून बघत होत्या, त्यात मग्दालीया मरीया, धाकटा याकोब आणि योसे यांची आई मरीया, आणि सलोमे. मग पुढची ओळ नीट वाचा, तो गालीलात होता तेव्हापासून ह्या त्याच्या मागे जात होत्या, त्याची सेवा करत होत्या, आणि त्याच्याबरोबर यरुशलेमला आलेल्या अजून पुष्कळ बायका होत्या. म्हणजे बघा, पंधरा अध्याय होत आले तेव्हा मार्क आपल्याला सांगतोय की ह्या पहिल्यापासून सोबत होत्या! पुरुष शिष्य तर १४:५० मध्येच सगळे सोडून पळालेत, पेत्र त्याच रात्री तीनदा नाही म्हणालाय, आणि आता बघायला कोण उरलंय तर ह्या.

हे वाचलं की पुस्तक परत मार्क अध्याय १ वर न्या आणि ह्या बायका वाटेवर आहेत हे डोक्यात ठेवून पुन्हा वाचा. वाचन खरंच बदलतं. उदाहरणार्थ ३:३१-३५, येशूची आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत, आणि तो भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे जो वागतो तोच माझा भाऊ, बहीण, आई. आधी वाचताना तिथे बसलेले सगळे पुरुषच डोळ्यापुढे येतात, पण मग तो बहीण आणि आई कशाला म्हणेल? तसंच १०:३२, यरुशलेमच्या वाटेवर तो पुढे चाललाय आणि मागून येणारे घाबरलेत, त्या मागून येणाऱ्यांत सलोमेही असू शकते. फक्त एक शिस्त पाळा, जिथे मजकूर त्यांना ठेवत नाही तिथे तुम्ही जबरदस्तीने ठेवू नका. शेवटच्या भोजनाला मार्क बारा जणांबरोबर आला एवढंच म्हणतो, तिथे बायका होत्या की नाही हे त्याने सांगितलेलं नाही, तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

लूक ८:१-३ वर हवा तेवढा वेळ घालवा

तीनच वचनं आहेत पण माझ्या मते ह्या विषयात सगळ्यात श्रीमंत जागा हीच. येशू गावोगाव फिरतोय, बारा जण बरोबर आहेत, आणि काही बायकाही आहेत ज्या दुखण्यांतून, दुष्ट आत्म्यांतून बऱ्या झाल्यात. मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना, आणि अजून पुष्कळ जणी. आणि ह्या स्वतःच्या पैशातून सगळ्यांचा खर्च चालवत होत्या. पैशाची थैली यहूदाकडे असायची हे योहान सांगतो (१२:६), आणि त्या थैलीत पैसे येत कुठून होते ह्याचं बरंचसं उत्तर लूकच्या ह्या ओळीत आहे. बारा-तेरा माणसं कामधंदा सोडून महिनोन्महिने फिरतायत तर जेवणखाण, मुक्काम, वाटखर्च कुणीतरी बघतच असणार ना.

आता योहान्नाकडे जरा थांबून बघा. तिचा नवरा ज्या हेरोदाकडे कामाला होता तो हेरोद अंतिपा, इ.स.पू. ४ ते इ.स. ३९ गालील आणि पेरिया त्याच्या हातात होतं, गालील समुद्राच्या काठी तिबिर्या हे राजधानीचं शहर त्यानेच वसवलं. ह्याच माणसाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं उडवलं. लूक १३:३१ मध्ये काही परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातले लोक) येऊन येशूला सांगतात की इथून निघ, हेरोद तुला मारायला बघतोय. अशा राजाच्या कारभाऱ्याची बायको उघडपणे येशूबरोबर गावोगाव फिरते आणि बहुधा त्याच दरबारी नोकरीतून आलेला पैसा ह्या कामाला लावते! तिने घरी काय सांगितलं, खुजाला हे मान्य होतं का, तो तेव्हा जिवंत तरी होता का, लूक काहीच सांगत नाही. पण तिने किती मोठा धोका पत्करला होता हे समजायला एवढं पुरे आहे. हेरोदाने येशूची चौकशी केली हा प्रसंग चारांपैकी फक्त लूकमध्ये आहे (२३:७-१२), आणि योहान्नाचं नावही फक्त लूकच घेतो, त्यामुळे आतल्या गोष्टी लूकच्या परंपरेपर्यंत तिच्याकडूनच आल्या असतील असं काही अभ्यासकांना वाटतं. हा अंदाज आहे, पेन्सिलने लिहा, पण लिहा.

मग्दालीया म्हणजे मग्दालाची, मग्दाला हे गालील समुद्राच्या पश्चिम काठावरचं गाव, तिबिर्याच्या जवळच उत्तरेला, मासे खारवण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. तिथे २००९ मध्ये पहिल्या शतकातलं ज्यूंचं सभास्थान सापडलं. तिची ओळख गावावरून आहे, नवऱ्यावरून किंवा मुलावरून नाही, आणि बाकीच्या बहुतेक जणींची ओळख कुणाची आई, कुणाची बायको अशी आहे. ह्याचा अर्थ काय लावायचा ते तुम्ही ठरवा, वहीत नोंद मात्र करा.

आणि सात भुतं, लूक ८:२ म्हणतं की मग्दालीयेतून ती निघाली होती. हे वाचलं की लोक लगेच तिच्या चारित्र्यावर येतात. शुभवर्तमानात भूत लागणं हे दुखणं आहे, यातना आहे, पापाची शिक्षा म्हणून ते कुठे येत नाही. गरसेकरांच्या प्रदेशात कबरींमधे राहणाऱ्या माणसाला तर सैन्यभर भुतं होती, त्याला कुणी बदफैली म्हटलेलं मी आजपर्यंत ऐकलं नाही.

मरीया वेगवेगळ्या ठेवा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. त्या काळच्या ज्यू बायकांची जी नावं शिलालेखांतून आणि लिखाणांतून मिळतात त्यात मरीया आणि सलोमे ही दोनच नावं मिळून जवळपास निम्मी भरतात, मग एका गोष्टीत चार-चार मरीया येणारच. वहीत प्रत्येक मरीयेला वेगळं पान द्या: येशूची आई, मग्दालीया, बेथानीची (मार्था आणि लाजराची बहीण), याकोब आणि योसेची आई, क्लोपाची बायको. शेवटच्या दोघी एकच असू शकतात, नसूही शकतात, म्हणूनच पेन्सिल म्हणाले.

हा गोंधळ जुना आहे. इ.स. ५९१ च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि लूक ७ मधली पापी स्त्री ह्या तिघी एकच असं सांगितलं, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तेच पक्कं झालं, पुढे शेकडो वर्षं चित्रांमधे ती रडणारी, पश्चात्ताप करणारी वेश्या म्हणूनच दिसते. पूर्वेकडच्या चर्चने त्यांना कायम वेगळंच मानलं. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ सोडली, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने २२ जुलैचा तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीने सणाच्या दर्जावर नेला गेला. जवळपास चौदाशे वर्षं एका बाईच्या नावावर दुसरीचं आयुष्य लिहिलं गेलं आणि आजही कितीतरी उपदेशांत तेच चालू आहे, हे मला खरंच सहन होत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर एका बाईने येशूवर सुगंधी तेल ओतल्याचे चार प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून वाचा, मार्क १४:३-९, मत्तय २६:६-१३, लूक ७:३६-५०, योहान १२:१-८. प्रत्येकात चारच गोष्टी शोधा, कुठे घडलं, घर कुणाचं, बाईचं नाव काय, तेल डोक्यावर की पायांवर. मार्क आणि मत्तयमध्ये बेथानी, कुष्ठरोगी शिमोनाचं घर, नाव नाही, डोक्यावर. लूकमध्ये प्रसंग खूप आधीचा, गालीलातल्या दिवसांतला, एका परूश्याचं घर, नाव नाही, पायांवर, अश्रूंसकट. योहानात बेथानी, लाजर जेवायला बसलाय, मार्था वाढतेय, मरीया पायांवर ओतते. मग्दालीया ह्या चारांत कुठेच नाही! आणि मार्कमध्ये ज्या तेलावरून कुरकुर होते त्याची किंमत तीनशे दिनारांच्या वर सांगितलीये, एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई तिने एका मिनिटात ओतली. येशू तिथे म्हणतो की जगात जिथे जिथे सुवार्ता सांगतील तिथे हिने केलं तेही हिच्या आठवणीसाठी सांगतील. आणि मार्कने तिचं नावच दिलेलं नाही. ग्रुपमध्ये वाचत असाल तर इथे थांबून लोकांना बोलू द्या, घाई करू नका.

तीन ओळींचा तक्ता

आता वहीत आडव्या तीन ओळी आणि उभे चार कॉलम काढा. ओळी अशा: येशू मरताना कोण बघत होतं, त्याला पुरताना कोण बघत होतं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबरीवर कोण गेलं. कॉलम चार शुभवर्तमानांचे. मार्क १५:४०, १५:४७, १६:१. मत्तय २७:५५-५६, २७:६१, २८:१. लूक २३:४९, २३:५५, २४:१०. योहान १९:२५, मग पुरताना त्याच्याकडे अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम आहेत, बायकांचा उल्लेख नाही, आणि २०:१.

नावं भरत गेलात की काही गोष्टी आपोआप दिसतात. चारही कॉलममध्ये असलेलं नाव एकच, मग्दालीया मरीया. मार्कमध्ये सलोमे मरताना आहे, पुरताना नाही, पहाटे परत आहे. मत्तयमध्ये सलोमेच्या जागी जब्दीच्या मुलांची आई आहे, आणि पुढे ती दिसत नाही. नुसती गोष्ट रचायची असती तर नावं सगळीकडे सारखीच घातली असती, असं माझं मत, ज्या बाईने जे बघितलं तेवढंच तिच्या नावावर ठेवलंय असं वाटतं.

जब्दीच्या मुलांच्या आईसाठी एक वेगळी चक्कर मारा. मत्तय २०:२०-२३ मध्ये हीच येशूपुढे गुडघे टेकून मागते की तुझ्या राज्यात माझे दोन मुलगे, एक तुझ्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. तो म्हणतो तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळत नाही. मग २७:३८ मध्ये त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे दोन लुटारू खिळलेले आहेत, आणि २७:५६ मध्ये ती आई तिथेच उभी राहून हे बघतेय. तिचे मुलगे पळालेत, ती आलीये. मत्तयने हे दोन्ही प्रसंग तिच्याशी बांधलेत, मार्कमध्ये तर मागणं मुलगे स्वतःच करतात (१०:३५), त्यामुळे तिथे हा धागा नाही.

तक्त्याचं महत्त्व काय तर, पौलाने १ करिंथ १५:३-४ मध्ये जी मुख्य शिकवण सांगितलीये, तो मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, त्यातल्या तिन्ही गोष्टींना शुभवर्तमानात डोळ्यांनी बघणाऱ्या साक्षीदार ह्याच बायका आहेत, निदान मार्क, मत्तय आणि लूकमध्ये तरी नक्की (योहानात वधस्तंभाजवळ येशूचा 'प्रिय शिष्य' म्हटलेला एक पुरुषही आहे). पण पौल पुढे ज्यांना तो दिसला त्यांची यादी देतो, केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून जास्त भाऊ, याकोब, त्यात एकाही बाईचं नाव नाही. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. त्या काळात बाईच्या साक्षीला कमी लेखत, इतिहासकार योसेफस तर बायकांची साक्ष घेऊ नये असा नियमच सांगतो, आणि दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लोकांवर टीका करणारा सेल्सस म्हणायचा की पुनरुत्थान पाहिलं कुणी तर एका वेडसर बाईने. लूक २४:११ मध्ये तर प्रेषितांनाच बायकांचं बोलणं बाष्कळ वाटतं. एवढं असूनही चारही लेखकांनी बायकांनाच कबरीवर ठेवलं, म्हणजे ही आठवण इतकी पक्की होती की ती बाजूला सारणं कुणाला जमलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

फरक दिसले की घाबरून सारखे करू नका

पहाटेचा प्रसंग चारही ठिकाणी वेगळा आहे. मार्कमध्ये त्या थरथरत पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, १६:८, आणि सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकनच्या, मार्क तिथेच संपतो, पुढची वचनं नंतरची असं बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तयमध्ये त्या भीतीने आणि आनंदाने धावतात, वाटेत येशू भेटतो, त्या त्याचे पाय धरतात. लूकमध्ये त्या जाऊन सांगतात आणि कुणी ऐकत नाही. योहानात मग्दालीया एकटी आहे, तरी २०:२ मध्ये ती 'आम्हाला माहीत नाही' म्हणते, म्हणजे बाकीच्या आसपास असाव्यात. ह्या चारांची एक गुळगुळीत गोष्ट करायचा मोह होतो, तो टाळा, प्रत्येक एकदा वेगळी, मोठ्याने वाचा. योहान २०:११-१८ तर दोनदा. ती त्याला माळी समजते, तो नुसतं 'मरीये' म्हणतो, ती ओळखते, आणि तो तिला निरोप देऊन भावांकडे पाठवतो. मध्ययुगात तिला प्रेषितांची प्रेषित म्हणायचे ते ह्याच निरोपावरून.

ज्या बरोबर फिरल्या नाहीत त्या

सगळ्या शिष्या रस्त्यावर नव्हत्या. सुखारच्या विहिरीवरची शमरोनी बाई (योहान ४) घागर तिथेच टाकून गावात जाते आणि तिच्या शब्दावरून पुष्कळ लोक विश्वास ठेवतात. सोर प्रांतातली परकी आई (मार्क ७:२४-३०) येशूशी वाद घालते आणि मुलीसाठी हवं ते मिळवते. रक्तस्रावाची बाई, बारा वर्षं वैद्यांवर सगळे पैसे घालवून, गर्दीत हात पुढे करते. ह्या जणी तुम्ही सावकाश वाचा, यादी मोठी आहे.

मार्थाबद्दल मात्र बोलायचंच आहे. लूक १०:३८-४२ मुळे ती कायमची स्वयंपाकघरात अडकलीये, मरीया गुरूच्या पायाशी शिष्यासारखी बसली ती चांगली आणि मार्था कटकटी. योहान ११:२१-२७ वाचा. भाऊ मेलाय, येशू उशिरा आलाय, ती घराबाहेर जाऊन त्याला गाठते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता असं तोंडावर म्हणते, मग पुनरुत्थानावर त्याच्याशी बोलते, आणि शेवटी म्हणते, तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस. हीच कबुली पेत्राने दिली (मत्तय १६:१६) तर येशूने त्याला मंडळीचा खडक म्हटलं. योहानाच्या शुभवर्तमानात हे शब्द मार्थाच्या तोंडी आहेत, तिच्यावरचा पुढचा उपदेश इथून सुरू करून बघा.

दोन गोष्टींपासून जपा

एक म्हणजे, ज्यू समाज बायकांना काहीच किंमत देत नव्हता आणि येशूने येऊन सोडवलं, अशी सोपी मांडणी. येशूबरोबर फिरणाऱ्या ह्या बायका स्वतः ज्यू होत्या, येशूही ज्यू होता, आणि स्वतःच्या पैशातून खर्च करत होत्या म्हणजे पैसा त्यांच्या हातात होता ना! मृत समुद्राजवळच्या गुहेत १९६१ मध्ये बबाथा नावाच्या ज्यू बाईची कागदपत्रं सापडली, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची, त्यात तिच्या खजुराच्या बागा आहेत, कोर्टकज्जे आहेत, तिने दिलेलं कर्ज आहे. तेव्हा येशूला मोठं करायला त्याच्याच लोकांना छोटं करू नका.

दुसरं, मजकुरात नाही ते घालू नका. बारा जण पुरुष आहेत, चारही शुभवर्तमानांत, त्यावरून आजच्या चर्चमध्ये कुणी काय करावं ह्यावर वाद होतात आणि दोन्ही बाजू ह्याच ओळी वापरतात. वाद घाला, पण आधी तक्ता भरा.

ग्रुप घेत असाल तर पहिल्या बैठकीला फक्त मार्क १५:४०-४१ आणि लूक ८:१-३ द्या, दुसऱ्या बैठकीला तेलाचे चार प्रसंग, तिसऱ्या बैठकीला तक्ता, आणि नावं भरायचं काम एकाने फळ्यावर करू नका, प्रत्येकाला स्वतःच्या वहीत करू द्या. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये १:१४ उघडा, माडीवरच्या खोलीत अकरा जणांबरोबर त्या बायका आहेत, येशूची आई आहे, आणि लूक (हे पुस्तकही त्याच्याच नावावर आहे) तिथे बाकी बायकांची नावं देत नाही. प्रत्येकाने आपल्या वहीतून त्या खोलीतली नावं वाचून दाखवायची, आणि कुठलं नाव कशावरून घातलं तेही सांगायचं.